शेवंता, माशांचा घास कमी करताना

शेवंता, मला भीती वाटते आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं मी शहाण्यासारखं लिहीत बसेन आणि तू म्हणशील, "वैनी, थापा मारू नगंस, तुझा हात बघ कसा लटलटतोय." लटलटतोयच. पेन धरलं तरी लटलटतोय. तळ्याच्या काठाला उभं राहून दाण्याची मूठ उघडायची म्हटलं की याहून जास्त.

तू गेल्यापासून माणसं येतात, बसतात, "सोन्यासारखं माणूस गेलं" म्हणतात. मी मान हलवते. मनात म्हणते, सोन्यासारखं कुठलं, चिंचेसारखी होती माझी नणंद. आंबट म्हणून तोंड वाकडं करावं आणि पुन्हा हात तिकडंच जावा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू झग्यातली पोर होतीस, नाक पुसायला माझाच पदर ओढायचीस. पुढं तुला मलकापूरच्या पलीकडं दिली आणि काही वर्षांत एक ट्रंक घेऊन तू परत आलीस ती आलीसच. कुणी विचारलं, का आलीस? तू म्हणालीस, "भूक लागली म्हणून." तेवढंच. मग कुणी काही विचारलं नाही. तुझे दादा होते तोवर आपण तिघं, ते गेल्यावर दोघी. मी कधी तुला वन्सं म्हटलं नाही, तू कधी माझं नुसतं ऐकून घेतलं नाहीस. भांडण हाच आपला चहा होता बघ, सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

आता सकाळी उठते आणि घरात कुणी उलट बोलत नाही. ही शांतता मला नको वाटते. पण भीतीचं म्हणशील तर ती घरातली नाही. ती तळ्याची आहे.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. मला तळ्याची भीती पहिल्यापासून आहे. भाताच्या खालच्या तुकड्यात पाणी तुंबून रोपं कुजायची, म्हणून आपण तिथं तळं काढलं, माशांची बोटुकली, बोटाएवढी पिलं, सोडली, गावानं हसून घेतलं. हौस तुझी होती. हिशेबी डोकं माझं. तू पाण्यात उतरायचीस, गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत, आणि मी बांधावर बसून हुकूम सोडायचे. "आमच्या वैनी म्हंजे बांधावरच्या मुकादम," असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, आणि मीही हसायचे. मुकादम बिकादम काही नव्हतं गं. मला पोहायला येत नाही आणि त्या हिरव्या पाण्याचा तळ दिसत नाही, म्हणून मी बांध सोडत नव्हते. तू पाण्यात असलीस की मला वाटायचं, पाण्याला तळ आहे, ही उभी आहे की त्याच्यावर.

माझी शाळा दुसरीत सुटली. त्यापुढचं वाचन मी एस्टीच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या आणि पोती यांच्यावर केलं. माशांच्या खाद्याची पोती तर तोंडपाठ झाली. बत्तीस टक्के प्रोटीन, अठ्ठावीस, चोवीस. बाकीचं मोबाईलवर बघून बघून शिकले. तू त्या आकड्यांना कधी हात लावला नाहीस. तू नावं ठेवलीस. भुकटी म्हणजे घुटी. बारीक दाणा म्हणजे उष्टावण. त्याच्यापुढचा दाणा म्हणजे शाळा. आणि सगळ्यात मोठा, चोवीस टक्क्यांचा, तो संसार. खाद्याच्या दुकानात जाऊन "दोन पोती शाळा द्या" म्हणालीस तेव्हा त्या दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझा मुलगा धनाजी, तो कोल्हापुरात शाहूपुरीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला, त्यालाही खाद्य आणायला फोनवर तू तसंच सांगायचीस, आणि तो म्हणायचा, "आत्त्या, आकडा सांग, आकडा. मला दुकानात मार खायला लावतीस."

आणि वर्षातून एकदा, मासे शाळेतून संसारात घालायची वेळ आली, की आपलं मोठं भांडण ठरलेलं.

मी सांगायचे, बघ शेवंता, लहानपणी माशाला अंग धरायचं असतं, म्हणून त्याच्या घासात प्रोटीन भरपूर पाहिजे. मोठा होतो तसा तो एकूण खातो जास्त, पण त्या खाण्यात प्रोटीनचा वाटा कमी लागतो. म्हणजे भाकरी वाढवायची आणि डाळ थोडी मागं घ्यायची. तरीही डाळ तेवढीच ओतत राहिलं तर ती अंगाला लागत नाही. माशातून निघून पाण्यात उतरते आणि पाणी विषारी होतं. तू सगळं ऐकून घ्यायचीस, कमरेला हात लावायचीस आणि म्हणायचीस:

"म्हंजे खाणारा मोठा झाला, कामाला लागला, की त्याच्या ताटातलं चांगलंचुंगलं काढून घ्यायचं. ह्ये तुला कुणी शिकवलं गं वैनी? माझ्या सासूनं?"

झालं.  तुझ्या सासूनं तुझ्या ताटातली डाळ कशी मागं घेतली होती ते मला माहीत होतं. तू एकदाच बोलली होतीस, भांडी घासता घासता, माझ्याकडं पाठ करून. "मला ती वाढायची, आणि मग माझ्याकडं बघत परत काढून घ्यायची." त्यानंतर तुझ्यासमोर कुणाचंही ताट कमी करायला माझा हात धजला नाही. मांजराचंसुद्धा. मग मी म्हणायचे, बरं, कधी बदलायचं ते तूच सांग. तू म्हणायचीस, "आजून दोन दिस." दोन दिवसांनी पुन्हा, "आजून दोन दिस." शेवटी जाळं टाकायचं, बादलीत मासे घ्यायचे, काट्याला लटकवायचे, सरासरी वजन काढायचं, आणि काटाच बोलला की तू गप. तोंड फुगवून मोठा दाणा टाकायचीस आणि माशांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचीस, "माझ्यावर राग धरू नगासा बाबांनो, ही बांधावरची सांगतीया."

या खेपेला ते भांडण अर्धंच राहिलं.

त्या सकाळी तू पदर खोचताना थांबलीस. म्हणालीस, "छातीत कसंतरीच हुतंय." शेजारच्या रंगरावांची जीप होती, त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही, किल्ली घेऊनच आले. तुझं डोकं माझ्या मांडीवर. मलकापूरला पोचलो, तिथले डॉक्टर म्हणाले, कोल्हापूर गाठा. रस्त्यात मी तुला बोलतं ठेवायला काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आज माशांना काय घालायचं गं?" आणि तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मोठा दाणा घालू नगंस वैनी. आजून…"

आजून काय? आजून लहान आहेत? आजून दोन दिस? की तुला दुसरंच काही सांगायचं होतं, आणि मी मूर्खासारखं माशांचं विचारलं म्हणून तू तेच बोलत राहिलीस? जीप खड्ड्यातून गेली, मी तुझं डोकं धरलं, आणि त्यानंतर तू काही बोलली नाहीस. मी त्या एका शब्दापाशी रोज जाऊन उभी राहते आणि परत येते.

दिवस होईपर्यंत थोरल्या बाईनं उंबरा सोडायचा नाही ही आपल्या घरची रीत. येणाऱ्यांसमोर बसायचं. मी बसले. खरं सांगू, रीत होती म्हणून बरं वाटलं. तळ्याकडं जायला नको. चूल पेटवायची नव्हती, शेजारपाजारचे डबे यायचे. पिठलं, भात, कुणी आमटी, कुणी नुसतं दही. गोठ्यातलं काम रंगरावांच्या बायकोनं, हौसानं, अंगावर घेतलं. मी विचारलं, "हौसा, माशांचं?" ती म्हणाली, "काकू, तुम्ही बसा की गप. माशांस्नी कमी पडू देतोय व्हय आम्ही? आत्त्यांची जित्राबं हायती ती." हौसा तुला आत्त्याच म्हणायची, सगळ्या आळीची तू आत्त्या. मला धीर आला. मी पुन्हा विचारलं नाही.

बारावा झाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी काठी घेऊन निघाले. पाय ओढत. वाटेत मनाशी म्हणत होते की ती तिथं नसणार आहे, तिथं नुसतं पाणी असणार आहे, पाण्याकडं बघायचं आणि परत यायचं. बांधाच्या अलीकडंच आवाज आला. चप् चप् चप्. मला आधी वाटलं गुरं पाणी पितायत. मग वाटलं कुणीतरी उतरलंय पाण्यात.  तुझं नाव तोंडातून निघून गेलं.

वर चढून बघितलं तर सगळं तळं तोंडांनी भरलेलं. काळी काळी तोंडं. उघडायची, मिटायची, उघडायची. शेकड्यानं. पाणी दाट हिरवं, वास असा की डोळ्यांत जावा. मासे वर येऊन हवा गिळत होते, आणि त्या सगळ्या तोंडांतून आवाज म्हणशील तर तेवढाच, चप् चप्. ओरडता येत नाही त्यांना. माणूस मरताना निदान छातीत कसंतरी होतंय म्हणून सांगतो.

मी पळाले. या वयात. मोटरपाशी गेले, खटका दाबला, काही नाही. लाईट नव्हती. विहिरीचं पाणी तळ्यात वरून सोडता आलं असतं तर हवा मिसळली असती, पण लाईटच नाही. मग मी बांधावर उभी राहून हाका मारायला लागले. "रंगरावऽ! हौसाऽ! पळा रंऽ!"

रंगराव बनियनवर आले. तळं बघून म्हणाले, "काकू, मासं पाणी प्याला वर आल्यात काय?"

"प्यायला न्हाईत रं, मेल्या, श्वासाला आल्यात! पाण्यात हवा न्हाय! बांबू आण, काय बी आण, पाणी बडव!"

"बडवू?"

"बडव म्हंजे बडव! धुणं बडवतोस तसं!"

"धुणं ही बडवती," असं हौसाकडं हात करून ते म्हणाले, आणि बांबू आणायला धावलेसुद्धा. हसू येण्यासारखी वेळ नव्हती. पण तू असतीस तर हसली असतीस, हे मला तेव्हाही कळलं.

पंधरा-वीस माणसं जमली. बांबू, बादल्या, पत्र्याचा तुकडा, कुणी ताडपत्रीचं टोक धरून पाण्यावर आपटतंय. बायका लुगडी खोचून पाण्यात. मीच तेवढी काठावर उभी. हौसा ओरडली, "काकू, तिकडच्या कोपऱ्यात कुणी न्हाई, तिकडं लई दाटलीत!" त्या कोपऱ्यात जायला कुणी नव्हतं म्हणजे मीच होते.

मी उतरले, शेवंता. बघ तर. काठी आधी टेकवली, मग पाय. गाळ घोट्यावर आला, पोटऱ्यांवर आला. तळ आहे का नाही, आहे का नाही, असं करत करत गेले. मासे माझ्या पायांना घासत होते आणि मी मोठ्यानं बडबडत होते, काय ते आठवत नाही. हौसा म्हणते तुम्ही शिव्या देत होता. असेल. बादली उचलायची, वरून ओतायची, उचलायची, ओतायची. ऊन चढेपर्यंत. ऊन चढलं तशी तोंडं कमी व्हायला लागली. ऊन पडलं की पाण्यातलं शेवाळ हवा सोडतं. मला हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि ती तोंडं एकेक करून खाली जाताना बघणं यांत केवढं अंतर आहे.

कटले मासे आधी गेले. वरच्या पाण्यात राहणारे, त्यांनाच झळ पहिली. पाटीभर मेलेले निघाले. रोहू आणि मृगळ बहुतेक वाचले.

मग सगळे बांधावर बसलो, चिखलात माखलेले, आणि मी विचारलं, "खाद्य कुणी घातलं?"

"म्या," हौसा म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. आत्त्या घालायच्या तेवढंच."

"मग पाणी असं का झालं?"

 मग तिकडच्या आळीची सुताराची म्हातारी हळूच म्हणाली, "म्या बी दोन मुठी टाकल्या. भेटाया आल्ते त्या दिशी. शेवंताच्या नावानं."

"म्या बी टाकल्या," दुसरी म्हणाली.

"आमच्या ह्यांनी बी."

"मी तर दोनदा आलतो," रंगराव म्हणाले आणि खाली बघायला लागले.

बघत बघत सगळा बांधच कबूल व्हायला लागला. आपल्या घरी येऊन माझ्यासमोर बसून गेलेलं प्रत्येक माणूस परत जाताना तळ्याकडून गेलं होतं. घरी चूल नव्हती, तुझ्या नावानं घास कुणाला द्यायचा? तर तुझ्या माशांना. मी विचारलं, "कुठल्या पोत्यातलं?" हौसा म्हणाली, "ते कोपऱ्यातलं बारीक दाण्याचं न्हवं का. त्येचा वास भारी हुता, चांगलं दिसलं. आत्त्यांच्या नावानं हलकं कसं घालायचं?"

उष्टावण. पुढच्या खेपेच्या पिलांसाठी उरवून ठेवलेलं, घरात होतं त्यातलं सगळ्यात जास्त प्रोटीनचं. एवढ्या मोठ्या माशांना, मुठी मुठीनं, इतके दिवस. जेवढं खाल्लं तेही पाण्यात उतरलं आणि जे खाल्लं नाही ते तळाशी कुजलं.

मला रागवायचं होतं. तोंड उघडलं आणि रडूच आलं. अख्ख्या गावानं तुला जेवायला घातलं गं. तुला, जिच्या ताटातून डाळ काढून घेतली होती. एवढं भरभरून घातलं की तुझे मासे गुदमरले. आता याला मी काय म्हणू? हात जोडले मी त्यांना. खरंच जोडले. आणि मग म्हणाले, "आता मी सांगेपर्यंत कुणीही, कुणीही एक दाणा टाकायचा न्हाय."

"एक बी?" म्हातारीनं विचारलं.

"एक बी न्हाय."

"मंग ती जगायची कशी?"

याचं उत्तर मला पाठ होतं. पाणी सुधारेपर्यंत माशाला उपाशी ठेवायचं, ते तग धरतात, तळ्यात त्यांना थोडंफार मिळतं. पण म्हातारी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती नजर तुझी होती. मी दुसरीकडं बघितलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लाईट येईल तेव्हा मोटर चालू, विहिरीचं पाणी दगडांवरून तळ्यात, खालच्या तोंडानं हिरवं पाणी ओढ्याकडं. रोज उजाडायच्या आधी बांधावर. अंधारात आधी कान लावायचा. आवाज येतो का. चप् चप् येतो का. कुठं बेडूक उडी मारायचा आणि मी काठी घट्ट धरायचे. माझ्या वयाच्या बाया देवळात जातात त्या वेळी मी तळ्यापाशी श्वास रोखून उभी.

त्याहून वाईट म्हणजे त्यांची जेवायची वेळ. त्यांना कळते ती. तू घालायचीस त्या कोपऱ्यात, जांभळाखाली, सगळे गोळा होतात. मी काठावर आले की पाणी हलतं. पाठी दिसतात. आणि मी मोकळे हात घेऊन उभी. मला वाटायचं, शेवंता, तुझ्याच्यानं हे झालं नसतं. तू दोन मुठी टाकल्या असत्यास आणि मला म्हणाली असतीस, "वैनी, तू तिकडं तोंड कर." आणि मी केलंही असतं. पण तुझ्या दोन मुठींना माझा काटा आवर घालायचा. आता काटाही मी, मूठही मी.

धनाजी शनिवारी आला. तळ्यावरून फिरून आला आणि म्हणाला, "आई, आहेत तेवढे आत्ताच काढून टाकू. बारके तर बारके. तू एकटी पहाटेची पाण्याकडं जातीस, मला तिकडं दुकानात हातात पाना धरवत नाही."

"तुझ्या आत्त्यानं सोडलेली बोटुकली आहेत ती."

"आत्त्या नाही आता."

"हे मला माहीत नाही का रं?"

  तुझ्या-माझ्या भांडणात धनाजी मध्ये पडायचा, तसं आम्हा मायलेकांच्या मध्ये पडायलाही आता कुणी नव्हतं. मग तो म्हणाला, "बरं, मग एक सांग. तुला जमणार हाय काय ते?"

मी म्हटलं, "मला भीती वाटते." पोराला मी असलं कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, झालं, आई कबूल झाली. त्यानं व्यापाऱ्याला फोन लावायला मोबाईल काढला. मी म्हटलं, "ठेव तो. भीती वाटते म्हटलं, जमणार न्हाय म्हटलं न्हाय."

आठवडा उलटला तसं पाणी उतरलं. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसायला लागली. वास गेला. पहाटे आवाज नाही. मग मी ठरवलं, जाळं टाकायचं. जाळं तुझं. मला फेकता येत नाही, कुणालाच तुझ्यासारखं येत नाही. तू फेकलंस की ते हवेत गोल उमलायचं. रंगरावांनी फेकलं तर ते ओल्या वाकळेसारखं जाऊन पडलं, भदाक्.

"मासं मारायचं न्हाईत, धरायचं हाईत," हौसा म्हणाली.

"तू फेक मग!"

तिनं फेकलं. ते तिच्याच डोक्यावर आलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कसेबसे दहाबारा सापडले. बादलीत घेतले, काट्याला लावलं. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. चांगले वाढले होते, संसाराचा दाणा घालायच्या वजनाच्या पुढं गेले होते.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपल्या भांडणाचा निकाल आता लागायचाच नाही. त्या सकाळी, तू पदर खोचत होतीस तेव्हा, ते लहान होते का मोठे? तुझं "आजून" खरं होतं का माझं "आता बास" खरं होतं? मधे सगळ्या गावानं उष्टावण घातलं, मग उपास झाला, त्यामुळं आजच्या वजनावरून त्या दिवसाचं काही सांगता येत नाही. मला तुझ्याकडून हरायचं होतं गं एकदा. निदान कळायला हवं होतं. काट्याचा हूक हातात धरून मी तिथंच बसले. हौसाला वाटलं, चक्कर आली. तिनं पाणी आणलं.

आज मोठ्या दाण्याचं पोतं फोडलं. चोवीस. दोरा ओढायचा तो माझ्या बोटांना सापडेना, हौसानं ओढला. सकाळीच मी तिला म्हटलं होतं, "माझ्याबरोबर ये, मला एकटीला भ्या वाटतंय." ती म्हणाली, "मंग चला की, त्यात काय एवढं." एवढं सोपं होतं ते. तुला इतक्या वर्षांत मी का म्हटलं नाही कोण जाणे. म्हटलं असतं तर तू आयुष्यभर चिडवलं असतंस, म्हणून असेल. आणि मग हात धरून पाण्यात घेऊन गेली असतीस.

जांभळाखाली गेलो. उपासानंतर एकदम पोटभर घालायचं नाही, नेहमीच्या निम्म्याहून कमी, तेवढं तांब्यानं मोजून पाटीत घेतलं. पहिली मूठ टाकली. दाणे पाण्यावर तरंगत राहिले. काही नाही. पाणी हलेना. मोठा दाणा, निराळा वास, ओळख नाही. मला वाटलं, संपलं. रुसले. ओळखलं यांनी, की टाकणारी दुसरी आहे आणि ताटातलं काहीतरी काढून घेतलंय.  हौसा माझा दंड घट्ट धरून उभी, म्हणजे तीही घाबरली होती.

मग एक तोंड आलं. एक दाणा गेला. लगेच दुसरा. मग सगळा कोपरा उकळायला लागला, पाणी आमच्या लुगड्यांवर उडालं, आणि हौसा लहान पोरीसारखी ओरडली, "खाल्लं! काकू, खाल्लं की!" पाटी रिकामी झाली. शेवटचा दाणा गेला. मासे गेले नाहीत. वरच फिरत राहिले, पाठी दाखवत, अजून हवंय म्हणून.

हौसाचे डोळे भरले होते. तिनं वाकून पोत्यात हात घातला. "आणखी एकच मूठ, काकू. आत्त्यांची."

मी तिचं मनगट धरलं.

तुझं मनगट मी कधी धरलं नाही, शेवंता. दाणे तिच्या बोटांतून पोत्यात गळत होते आणि मासे खाली वाट बघत होते. मला इतकी भीती याआधी कधी वाटली नव्हती, त्या दिवशी जीपमध्येही नाही. पण मी सोडलं नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, आणि थोड्या वेळानं मासे वळले, एकेक करून खाली गेले, आणि पाणी सपाट झालं.